दर्याची विंग

शाळेच्या पटांगणावर बर्वेसरांनी फक्कीने एक लांबट चौकोन आखला आणि आम्हाला विचारले, "हे काय आहे?" कोणी म्हणाले खोखोचे मैदान, कोणी म्हणाले मंडपाची आखणी. सरांनी सगळ्यांची उत्तरे शेवटपर्यंत ऐकून घेतली. चूक उत्तर मध्येच तोडायचे नाही, हा त्यांचा नियम होता. मग ते म्हणाले, "हा रंगमंच. या रेषेच्या आत पाऊल टाकणाऱ्याने स्वतःला बाहेर ठेवून यायचे असते." आमच्या वर्गात गजानन नावाचा एक मुलगा होता, त्याला गप्प बसणे जमत नसे. तो म्हणाला, "सर, बाहेर ठेवलेला चोरीला गेला तर?" आम्ही हसलो. सर हसले नाहीत. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "तर नाटक चांगले झाले असे समजावे."

सर डहाणूचे नव्हते. घाटावरून बदलून आले होते. स्टेशनाजवळच्या एका लॉजमधल्या खोलीत एकटे राहत आणि तिथून गावातल्या शाळेपर्यंत रोज चालत येत. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक बसवायचे, आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका मुलींनीच करायच्या, असे त्यांनी ठरवले, तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली. तोवर आमच्याकडे मिसरूड न फुटलेली मुले लुगडी नेसून राण्या होत असत. सरांनी कोणाशी वाद घातला नाही. मात्र नाटकाची एक ओळही पाठ करायला देण्याआधी त्यांनी आम्हाला नाटकाचे शब्द शिकवायला घेतले. रोज एक शब्द. तोही तोंडाने सांगायचा नाही, आधी वस्तू दाखवायची. "संहिता" म्हणायच्या आधी त्यांनी हाताने लिहिलेली पाने आमच्या हाती दिली. "विंग" म्हणायच्या आधी चौकोनाच्या दोन्ही कडांना बांबू रोवून त्यांवर गोणपाटे टांगली आणि आम्हाला त्यांच्या आड उभे केले. आपल्याला सगळे दिसते आणि आपण कोणालाच दिसत नाही, हे पुरते कळल्यावर मगच त्या जागेचे नाव सांगितले. पुढे तलासरी भागात, झरीच्या शाळेत मी अनेक वर्षे शिकवले. ज्या मुलांच्या घरी मराठी बोलली जात नव्हती, त्यांना मी याच पद्धतीने शब्द दिले. पद्धत माझी नव्हती. ती फक्कीच्या त्या चौकोनातली होती.

एका ठिकाणी मात्र सरांची पद्धत अडली. रंगमंचावरची डावी-उजवी बाजू नटाची धरायची असते, प्रेक्षकांची नाही. सर "उजवीकडून प्रवेश" म्हणाले की निम्मी मुले एकीकडून आणि निम्मी दुसरीकडून आत येत आणि मध्यभागी एकमेकांवर आदळत. सरांनी खूप समजावले, आकृत्या काढल्या. शेवटी कमळ म्हणाली, "सर, त्यापरीस दर्याची बाजू आन् रुळाची बाजू म्हणा ना. दर्या काय पाठ फिरवली म्हणून हालत नाय." आमची शाळा अशी होती की पश्चिमेला समुद्राचा आवाज आणि पूर्वेला, लांब, आगगाडीचा. डहाणूच्या पोराला झोपेतून उठवून विचारले तरी तो या दोन दिशा बरोबर दाखवील. सरांनी वहीतले "डावी-उजवी" खोडले. त्या दिवसापासून आमच्या नाटकाला दर्याची विंग आणि रुळाची विंग अशा दोन विंगा झाल्या.

ही कमळ मच्छीमारांच्या वस्तीतली. तिचे वडील होडीचे तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या शब्दावर चाले. आई बाजारात मासळी विकी. कमळच्या अंगाला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येई आणि वर्गातल्या काही मुली त्यावरून नाक मुरडत. ती त्यांना सांगे, "नाकाला कळतं ना, मग जिभेला पन इचारा." तिचा आवाज भरदार होता आणि उभे राहण्यात एक ठामपणा होता. सरांनी तिला मुख्य भूमिका दिली, यात कोणालाच नवल वाटले नाही.

मला भूमिका मिळाली नाही. खरे म्हणजे मी मागितलीच नाही, कारण घरून काय उत्तर येईल हे मला ठाऊक होते. आमची चिकूची वाडी गावाच्या कडेला होती आणि भातशेती कैनाडला. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नाना कठोर नव्हते, पण त्या वर्षी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. माझा थोरला भाऊ मधू आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात विषमज्वराने गेला होता. तो असताना आमच्या वाडीचा दिवस रहाटाच्या आवाजाने उजाडे. बैल जुंपून तो रहाट हाकी आणि बैलांना एक लांब हाळी देई. ती हाळी शेवटी अशी वर चढे की पलीकडच्या वाडीतले लोक तिच्यावर चूल पेटवीत. त्याचे तेराव्याचे जेवण झाले आणि संध्याकाळी नानांनी आम्हा सर्वांना ओटीवर बसवून सांगितले, "आता या घरात रडणं नाही. रडलं की गेलेल्याची वाट ओली होते. त्याला नीट जाऊ द्या." एवढेच. मग त्यांनी विहिरीवर तेलाचे इंजिन बसवले आणि रहाट सोडवून गोठ्यामागे टेकवून ठेवला. इंजिनाच्या ठकठकीत सारी वाडी भिजे. आई दोन्ही वेळा तांदळाच्या भाकऱ्या थापी, वालाची आमटी करी, आणि तिच्या थापण्याचा आवाजदेखील पूर्वीपेक्षा हलका झाला होता. मधूचे नाव कोणी घेत नसे. त्याचे ताट फडताळात सर्वांत खाली गेले. आईला त्या दिवसानंतर एकदाही रडताना मी पाहिले नाही. ती घराबाहेरही पडत नसे.

अशा घरी मी नाटकाचा विषय काढला, तो सरांनी मला प्रॉम्प्टर म्हणून निवडल्यावर. हा शब्द शिकवताना सर म्हणाले होते, "प्रॉम्प्टर म्हणजे असा माणूस, की ज्याला संपूर्ण नाटक येते आणि ज्याला नाटकात स्वतःचे असे काहीच नसते." मला ती व्याख्या फार आवडली होती. मी जेवताना नानांना सांगितले की मी पडद्याआड बसणार आहे, पुस्तकात पाहून विसरलेला शब्द हळूच पुरवायचा, एवढेच माझे काम. नानांनी विचारले, "तू दिसणार नाहीस?" मी म्हटले, "नाही." "ऐकू येणार नाहीस?" "फक्त नटांना." ते म्हणाले, "मग हरकत नाही." मला आमटी वाढताना आईचा हात किंचित थांबला, हे मी पाहिले.

नाटक सरांनी स्वतःच लिहिले होते. तीन प्रवेशांचे, छोटेसे. एका गढीवरच्या शिपायाची बायको नवऱ्याची वाट पाहते आहे. दुसऱ्या प्रवेशात रुळाच्या विंगेतून जासूद येतो आणि नवऱ्याचे पागोटे तिच्यापुढे ठेवतो. ती कुंकू पुसते, मोठ्याने आकांत करते आणि पडदा पडतो. तिसऱ्या प्रवेशात तीच बाई गढीचा दरवाजा शत्रूला उघडायला नकार देते. सारे नाटक त्या आकांतावर उभे होते, कारण त्यानंतर ती एकदाही रडत नाही. जासूद गजानन होता. तो पागोटे इतक्या घाईने ठेवी की सर त्याला म्हणत, "अरे, पोस्टमन नाहीस तू."

याच तालमींत सरांनी आम्हाला विराम शिकवला. कमळ पागोट्याकडे पाही आणि लगेच पुढचे वाक्य बोलून टाकी. सरांनी तिला थांबवले. ते म्हणाले, "विराम म्हणजे वाक्य संपणे नव्हे. पुढचे वाक्य ज्याच्या मनात तयार होत आहे, त्याला लागणारा तो वेळ असतो. प्रॉम्प्टरने इथे घाई करायची नाही. नट विसरला आहे की विरामात आहे, हे ओळखणे हेच तुझे काम, मालती." मी ते ओळखायला शिकले. विसरलेल्या नटाचे डोळे विंगेकडे वळतात. विरामातल्या नटाचे वळत नाहीत. आकांत मात्र सर तालमीत करून घेत नव्हते. तो रंगीत तालमीला एकदाच करायचा, असे त्यांनी सांगितले होते. रंगीत तालीम म्हणजे वेशभूषेसह, पडद्यासह, जणू खराच प्रयोग.

पडदा कमळच्या घरून आला. तिच्या वडिलांच्या होडीचे जुने, जाड शीड, ठिकठिकाणी ठिगळ लावलेले, खाऱ्या पाण्याने कडक झालेले. ते टांगले तेव्हा आख्ख्या रंगमंचाला मासळीचा वास सुटला आणि कमळ नाक मुरडणाऱ्या मुलींना म्हणाली, "आता सगल्या एकाच वासाच्या." होडी तेव्हा नव्या शिडावर उत्तरेकडे, जाफराबादच्या अंगाला गेली होती. संमेलनाआधी परतणार, असे तिचे वडील सांगून गेले होते. रंगीत तालमीचा दिवस आला तरी ती आली नव्हती. इतर होड्या परतल्या होत्या. त्यांनी सांगितले की वारा पडला असेल, येतील. किनाऱ्यावर असे नेहमीच सांगतात.

दुपारी बाजार उठल्यावर कमळची आई रिकामी टोपली डोक्यावर घेऊन शाळेच्या कुंपणापाशी उभी राहिली. लेकीचे नाटक कसे असते ते तिला पाहायचे होते. ती आलेली आम्ही पाहिलेही नाही. जासूद आला, पागोटे ठेवले, कमळने विराम घेतला, अगदी सरांनी सांगितला तसा, आणि तिचा हात कपाळाकडे गेला. कुंपणापलीकडून आवाज आला, "कमळ. हात खाली." ओरडून नाही, पण अशा आवाजात की कमळचा हात आपोआप खाली आला. तिची आई टोपली तशीच डोक्यावर घेऊन फक्कीच्या रेषेपर्यंत आली आणि तिथे थांबली. आत पाऊल टाकले नाही.

सर पुढे झाले. तिने त्यांना सांगितले ते मला शब्दशः आठवते. "सर, घरचा मानूस दर्यात असला की आमच्या घरातली बाई कुंकू पुसत नाय आन् मेलेल्याचं रडं काढत नाय. खोटं पन नाय. शेजारी कोन मेला तरी आम्ही तोंडात पदर घालतो. होडी लागली की मग रडतो."

सरांनी ते ऐकून घेतले. मग त्यांनी, आम्हाला पहिल्या दिवशी सांगितले होते, ते तिलाही सांगून पाहिले. नट वेगळा आणि पात्र वेगळे. कुंकू पुसते ती शिपायाची बायको, कमळ नव्हे. पडदा पडला की ती पुन्हा कमळ.

"तुमचा पडदा पडंल, सर," कमळची आई म्हणाली. "दर्याला पडदा कुठाय?"

कमळ मान खाली घालून उभी होती. तिला ती भूमिका किती हवी होती, हे मला माहीत होते. बोंबील सुकत घालताना ती वाक्ये म्हणत असे, आणि वस्तीतल्या बायका तिला "गढीवाली" म्हणून हाक मारीत. तरीही ती आईला उलट बोलली नाही. नंतर तिने मला सांगितले की हात वर नेताना तिलाही बापच आठवला होता. रंगमंचाबाहेर स्वतःला ठेवून ये म्हटले, तरी बापाला ठेवायचा कुठे, असे ती म्हणाली.

सरांनी तिच्या आईला टोपली उतरवून बसायला सांगितले, पाणी मागवले आणि स्वतः शिडाच्या पडद्यासमोर इकडून तिकडे फेऱ्या घालू लागले. मग ते आमच्याकडे वळले आणि त्यांनी त्या दिवसाचा शब्द दिला. त्या दिवशी शब्द राहून गेला होता, हे माझ्या ध्यानात होते. ते म्हणाले, जुनी संस्कृत नाटके लिहिणारे रंगमंचावर मरण दाखवत नसत. जे दाखवायचे नसेल ते पडद्याआड घडे आणि प्रेक्षकांना केवळ ऐकू येई. त्या आडच्या जागेला ते नेपथ्य म्हणत. कमळ पागोटे उचलून घेईल आणि कुंकवाला हात न लावता दर्याच्या विंगेत निघून जाईल. रंगमंच मोकळा राहील. एक विराम. मग नेपथ्यातून आकांत, तो दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात. त्यांनी कमळच्या आईला विचारले, "हे चालेल?" तिने विचारले, "आवाज कोनाचा? जिच्या घरचा दर्यात नाय तिचाच घ्या." नाटकातल्या बाकीच्या दोन मुलीही वस्तीतल्याच होत्या. सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. माझ्या घरचे कोणी दर्यात नव्हते.

मी नानांना काही सांगायच्या आत सर स्वतः आमच्या वाडीवर आले. नाना विहिरीपाशी होते. सर बोलू लागले तेव्हा नानांनी ऐकू यावे म्हणून इंजिन बंद केले, आणि मी अंगणातून प्रत्येक शब्द ऐकला. सरांनी आडपडदा ठेवला नाही. मुलगी दिसणार नाही, पण तिचा आवाज सगळ्या गावाला ऐकू जाईल, आणि तो रडण्याचा असेल, असे त्यांनी सांगितले. नाना बराच वेळ पाटातले पाणी मुरताना पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्या घरातलं रडणं संपलंय, सर. तिला ते येणार नाही." नाना पुन्हा म्हणाले, "येत असेल तर करू द्या. पण खोटं रडायचं असेल तर करू नका. मधूच्या घरातून खोटं रडणं बाहेर जायला नको." त्यांच्या तोंडून ते नाव कितीतरी महिन्यांनी निघाले होते. त्यांनी लगेच इंजिन चालू केले.

अशी ती अट होती, आणि ती पाळणे मला अशक्य वाटत होते. सरांनी मला रिकाम्या वर्गात नेऊन आकांत करायला सांगितला. मी केला. तो कवितेच्या पाठांतरासारखा झाला, यतीवर थांबणारा. दुसऱ्यांदा केला तेव्हा खोकला आला. सरांनी मला अमुक आठव, तमुक आठव असे सांगितले नाही. मधूदादाचे त्यांना ठाऊक होते, तरी त्यांनी त्याचा उपयोग करून घेतला नाही. मी स्वतः शिक्षक झाल्यावर हे किती अवघड असते ते मला उमगले. मुलाच्या दुःखाला हात घातला की धडा चटकन रंगतो. सर एवढेच म्हणाले, "नाहीच आले तर तू गप्प राहा. मी पडदा पाडीन. नुसत्या शांततेवर पाडीन. नाटक थोडे कमी होईल, खोटे होणार नाही." म्हणजे कमळची भूमिका अर्धी राहणार. तिसऱ्या प्रवेशातले तिचे न रडणे कोणाला कळणारच नाही, कारण आधी कोणी रडलेलेच नसेल. तेही मला कळत होते.

संमेलनाच्या दिवशी होडी आली नव्हती. दिवेलागणीला गॅसबत्त्या पेटल्या. त्या बाजारातल्या एका गुजराती शेठने दिल्या होत्या, आणि तेच पुढच्या रांगेत सहकुटुंब बसले होते. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मधे दोरी. कमळची आई बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली, समुद्राकडे पाठ न करता, किंचित तिरकी. आणि मग शिडाच्या फटीतून मला आई दिसली. ती येईल असे मला वाटले नव्हते. इस्त्री नसलेले पण धुतलेले पांढऱ्या काठाचे लुगडे, डोक्यावरून पदर, हात मांडीवर. पुरुषांच्या बाजूला नाना टोपी हातात घेऊन बसले होते.

पहिला प्रवेश नीट पार पडला. दुसऱ्यात गजाननने पागोटे इतके हळू ठेवले की पटांगणातली पोरेही गप्प झाली. कमळने विराम घेतला. मी पुस्तकावर बोट ठेवून होते. तिचे डोळे विंगेकडे वळले नाहीत. मग तिने पागोटे दोन्ही हातांनी उचलून उराशी धरले आणि ती पाऊल पाऊल माझ्याकडे, दर्याच्या विंगेत आली. तिच्या कपाळावर कुंकू होते. मला वाटले ती माझ्याशेजारी थांबेल. ती थांबली नाही. मला ओलांडून ती माझ्या पलीकडे गेली, अंधार होता त्या बाजूला, आणि माझ्याकडे तोंड करून, हात पसरून, पदर दोन्ही मुठींत ताणून उभी राहिली. समोर मोकळा रंगमंच. गॅसबत्तीची सूंसूं. कमळच्या मागून लाटांचा आवाज येत होता.

मी तोंड उघडले तेव्हा मला काहीही आठवत नव्हते. सरांनी लिहिलेले आकांताचे शब्द माझ्या बोटाखाली होते, मी ते वाचले नाहीत. निघाला तो नुसता सूर. लांब, सरळ, आणि शेवटी वर चढणारा. तो अर्ध्यावर गेल्यावर मला कळले की ही मधूदादाची हाळी आहे. मला ती थांबवता आली नाही. ती वर चढली तिथे फुटली, आणि मग जे आले ते रडणे होते. ते कसे होते हे मला सांगता येणार नाही, कारण प्रॉम्प्टरला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मला ऐकू आला तो दुसराच आवाज. बायकांच्या बाजूने कोणीतरी माझ्या आवाजाला उत्तर देत होते. पडदा पाडायला दोरीपाशी उभ्या असलेल्या सरांनी हात उचलला होता, तो तसाच राहिला. गोणपाटाच्या फटीतून मी पाहिले. आई गुडघ्यांवर आली होती आणि तोंड उघडून, पदर न घेता, रडत होती. लोकांना पहिल्यांदा तो नाटकाचाच भाग वाटला असावा. मग शेजारच्या बायकांना कळले. कोणी तिला धरले नाही, थोडी जागा करून दिली. नाना उठले. त्यांनी मधली दोरी हाताने वर केली, तिच्याखालून वाकून बायकांच्या बाजूला गेले आणि आईशेजारी जमिनीवर बसले. त्या काळी कोणी पुरुष असे करत नसे. त्यांची टोपी खाली पडली होती, ती त्यांनी उचलली नाही.

पडदा पडला. अंधारात कमळने पसरलेले हात खाली घेतले. ताणलेला पदर तिने तोंडातही गच्च धरला होता. तो काढून ती म्हणाली, "दर्याकडं जाऊ नाय दिला तुझा आवाज. मी मधे व्हते." आणि तिसऱ्या प्रवेशासाठी निघून गेली. त्या प्रवेशात तिने एकही शब्द चुकवला नाही. मला एकदाही पुस्तकात पाहावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला तिच्या वडिलांची होडी लागली. डोलकाठी मोडली होती, माणसे सगळी होती. कमळची आई किनाऱ्यावर मोठ्याने रडली असे मी ऐकले. तेव्हा तिला रडायला मोकळीक होती.

पण मला सांगायचे आहे ते त्याआधीचे, प्रयोगानंतर आम्ही घरी परतलो तेव्हाचे. बैलगाडीत मी आईला टेकून बसले होते. नाना गाडी हाकत होते, त्यांची पाठ आमच्याकडे होती. वाडीचे फाटक आले तेव्हा ते मागे न वळता म्हणाले, "तेरा दिवस कमी पडले." आईने हुंकार दिला. एवढेच बोलणे झाले.

थंडीचे दिवस होते, आणि आमच्याकडे त्या दिवसांत मडक्यात भाज्या घालून उकडहंडी करतात. कोनफळे, रताळी, वालाच्या शेंगा, ओला मसाला, वर पाने बांधून निखाऱ्यांवर ठेवलेले मडके. आदल्या वर्षीच्या थंडीत, मधू गेल्यानंतर, ती झाली नव्हती. नाटकानंतरच्या रविवारी मी उठले तेव्हा अंगणात मडके होते, आणि इंजिन बंद होते. दुपारी आईने पाने मांडली. सर्वांत खालचे ताट तिने फडताळातून काढले, पुसले आणि ते माझ्यापुढे ठेवले. तिने मडक्याचे तोंड सोडले, वाफ वर आली. नानांना वाढता वाढता ती थांबली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "मधूला शेंगा जास्त लागायच्या."

नानांनी घास ताटात परत ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे डोळे कोणाकडेही वळले नव्हते, म्हणून मी वाट पाहिली.

"आणि मीठ कमी," नाना म्हणाले.